गॅलिशिया: गेलेल्यांनी जपलेला देश

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी बसमध्ये, कुणी कानात इअरफोन घालून भांडी घासत असाल. सगळ्यांचं स्वागत. आणि जे हा भाग ऐकण्याऐवजी इथे वाचतायत त्यांचंही. नेहमीप्रमाणे जे बोललो तेच उतरवलंय, थोडं झाडून-पुसून.

आजचा विषय माझ्या एका चुकीतून निघालाय.

आमच्या टीममधला एक जण विगो नावाच्या शहरात बसून काम करतो. रोज आमची दुपार आणि त्याची सकाळ असते तेव्हा कॉल होतो. एकदा मीटिंग सुरू व्हायच्या आधी मी सहज म्हणालो, "तुम्हा स्पॅनिश लोकांची मजा आहे बुवा, वर्षभर ऊन." तो काही बोलला नाही. त्याने लॅपटॉप उचलला आणि कॅमेरा खिडकीकडे वळवला. बाहेर धो धो पाऊस. मग म्हणाला, "पासपोर्ट स्पॅनिश आहे. मी गॅलिशियन आहे."

पुढे म्हणाला, "गंमत सांगू? स्पेनमध्ये आम्हाला सांगत बसावं लागतं की आम्ही वेगळे आहोत. आणि बुएनोस आयरेसमध्ये जा, तिथे स्पेनमधून आलेल्या प्रत्येक माणसाला गॅलिशियनच म्हणतात. मग तो माद्रिदचा असो की सेव्हियाचा."

हे डोक्यात अडकलं. एवढ्याशा कोपऱ्यातली माणसं समुद्रापलीकडे इतकी गेली की सगळ्या स्पेनला त्यांचं नाव पडलं? मग मी जे मिळेल ते वाचत सुटलो. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मलाही एक निर्णय घ्यायचा होता. त्याबद्दल शेवटी बोलतो.

आधी नकाशा

फोनवर नकाशा उघडा. स्पेनचा डावीकडचा वरचा कोपरा, पोर्तुगालच्या बरोबर डोक्यावर. उत्तरेला आणि पश्चिमेला अटलांटिक महासागर. समुद्र जमिनीत लांबवर आत शिरलाय, आपण खाडी म्हणू त्याला तिथे 'रिया' म्हणतात. चार प्रांत: आ कोरुन्या, लुगो, ओउरेन्से आणि पोंतेवेद्रा. राजधानी सांतियागो दे कोंपोस्तेला. तिथल्या कॅथेड्रलमध्ये येशूचा शिष्य संत जेम्स याची समाधी आहे असं मानतात, आणि तिच्यासाठी हजारेक वर्षं लोक युरोपभरातून पायी येतात. वारीच म्हणा ना. लोकसंख्या साधारण २७ लाख. पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात.

आणि मॉलमध्ये झाराचं दुकान बघितलंय ना? त्या झाराचं पहिलं दुकान १९७५ साली आ कोरुन्यात उघडलं.

एक खुलासा. पूर्व युरोपातही एक गॅलिशिया होतं, आज ते पोलंड आणि युक्रेनमध्ये विभागलंय. नाव सारखं, बाकी काही संबंध नाही. शोधताना मी एक अख्खा लेख वाचून काढल्यावर कळलं की गॅलिशिया चुकलंय.

विसरायला लावणारी नदी

आता एक गोष्ट. आजचं सगळं बोलणं या गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

इसवी सनपूर्व १३७ च्या सुमाराला देसिमस ज्युनियस ब्रुटस नावाचा रोमन सेनापती सैन्य घेऊन उत्तरेकडे निघाला. वाटेत लिमिया नदी लागली. सैनिक काठावर थबकले. ग्रीकांच्या कथांमध्ये लेथी नावाची एक नदी आहे. तिचं पाणी प्यायलं की माणूस मागचं सगळं विसरतो. सैनिकांना वाटलं, हीच ती. पलीकडे गेलो तर घर, गाव, बायकामुलं, स्वतःचं नावसुद्धा विसरू. कुणी पाय उचलेना.

तेव्हा सेनापतीने स्वतः ध्वज हातात घेतला आणि नदी ओलांडली. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत पुढे असं येतं की पलीकडच्या काठावर उभं राहून त्याने एकेका सैनिकाला नाव घेऊन हाक मारली. नावं आठवतायत म्हणजे हा काही विसरलेला नाही. मग एकेक जण पाण्यात उतरला.

लिमिया आजही वाहते. ओउरेन्से प्रांतात उगम, पुढे पोर्तुगालमध्ये शिरून समुद्राला मिळते. तिच्याकाठच्या शिन्सो दे लिमिया गावात या गोष्टीची आठवण म्हणून विस्मरणाचा उत्सव भरतो.

ही गोष्ट डोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवा. ओलांडणं, विसरण्याची भीती, आणि पलीकडून आलेली हाक.

मुळात ही माणसं कोण?

रोमन आले तेव्हा इथे डोंगरमाथ्यांवर तटबंदीची गावं होती, गोल दगडी घरांची. त्यांना 'कास्त्रो' म्हणतात. मिन्यो नदीच्या मुखाशी सांता त्रेगा नावाच्या टेकडीवर असं एक गाव अजून बघायला मिळतं. इथल्या एका टोळीचं नाव रोमनांनी सगळ्या प्रदेशाला दिलं, गाल्लाएकी. त्यावरून गॅलिशिया. रोमनांनी बांधलेला लुगो शहराचा तट अजून पूर्ण उभा आहे, त्यावरून दोन किलोमीटरचा फेरा मारता येतो. आ कोरुन्याचा रोमन दीपस्तंभ आजही जहाजांना दिवा दाखवतो.

पाचव्या शतकात मध्य युरोपातून सुएबी नावाचे लोक आले आणि त्यांनी राज्य स्थापलं. ते ५८५ साली व्हिसिगॉथांनी जिंकलं. त्याच काळात ब्रिटनहून पळून आलेले काही लोक उत्तर किनाऱ्यावर वसले, त्यांचा स्वतंत्र बिशपसुद्धा होता. म्हणजे जे लोक पुढे जगभर गेले ते मुळात इकडून तिकडून आलेल्यांचेच वंशज.

पण कुठल्याही गॅलिशियन माणसाला मूळ विचारा, बहुधा एकच शब्द येईल: केल्टिक. आयर्लंड, स्कॉटलंडचे भाऊबंद. तिथे बॅगपाइप वाजवतात, त्याला 'गाइता' म्हणतात. विगोच्या फुटबॉल क्लबचं नावच सेल्टा, १९२३ पासून. ओर्तिगेइरा गावात केल्टिक संगीताचा मोठा महोत्सव होतो.

यात खरं किती? कास्त्रोंच्या काळात इथे केल्टिक भाषा बोलणारे लोक होते, हे जुन्या नावांवरून दिसतं. पण 'आम्ही केल्ट' ही ओळख ठळक केली ती एकोणिसाव्या शतकात, मानुएल मुर्गिया नावाच्या इतिहासकाराने आणि एदुआर्दो पोंदाल नावाच्या कवीने. माद्रिदपेक्षा वेगळा इतिहास हवा होता, तो यातून मिळाला. आज केल्टिक देशांची जी संघटना आहे, ती गॅलिशियाला केल्टिक राष्ट्रांत धरत नाही, कारण तिथे आज कुणी केल्टिक भाषा बोलत नाही.

आणि रक्ताचं म्हणाल तर तिथेही गंमत. २०१९ मध्ये स्पेनमधल्या लोकांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर आफ्रिकेतून आलेला वंशाचा वाटा सर्वांत जास्त कुठे सापडावा? मुस्लिम राजवट जिथे सर्वांत शेवटपर्यंत टिकली त्या ग्रानादात नाही, तर पश्चिमेला, गॅलिशियाकडे. त्यामुळे 'शुद्ध केल्टिक रक्त' वगैरे विसरा.

मग ओळख कशात? भाषेत

तुमच्या खिशात, बॅगेत आत्ता किल्ली असेल. आपण तिला 'चावी'ही म्हणतो. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, त्यांचा शब्द 'चावे'. स्पॅनिशमध्ये किल्लीला 'यावे' म्हणतात. आणि गॅलिशियनमध्ये? 'चावे'! मूळ लॅटिन शब्द एकच, पण स्पॅनिश एका वाटेने गेली, आणि गॅलिशियन व पोर्तुगीज दुसऱ्या वाटेने. कारण मध्ययुगात या दोन्ही मिळून एकच भाषा होती.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. एकच कोड होता, त्याच्या दोन ब्रँच झाल्या. बाराव्या शतकात पोर्तुगाल वेगळं राज्य झालं. त्या ब्रँचला राजा मिळाला, जहाजं मिळाली, ती ब्राझीलला गेली, गोव्याला आली. दुसरी ब्रँच कास्तीयच्या राज्यात राहिली.

आणि ही काही गावंढळ बोली नव्हती बरं. तेराव्या शतकात दहावा आल्फोन्सो हा कास्तीयचा राजा. त्याने कुमारी मेरीवरची चारशेहून जास्त गाणी करवून घेतली, काही स्वतः रचली, आणि ती सगळी या भाषेत. म्हणजे राजा कास्तीयचा, पण कविता करायची तर गॅलिशियन-पोर्तुगीजमध्ये.

नंतर दरबार, चर्च, कोर्टकचेरी सगळं स्पॅनिशमध्ये गेलं. सोळाव्या ते अठराव्या शतकाला गॅलिशियन लोक 'काळोखी शतकं' म्हणतात. भाषा शेतात होती, चुलीपाशी होती, कागदावर जवळजवळ नव्हती. १८६३ साली रोसालिया दे कास्त्रो या कवयित्रीचं 'कांतारेस गायेगोस' हे गॅलिशियन कवितांचं पुस्तक आलं, आणि भाषा पुन्हा छापली जाऊ लागली. ही रोसालिया म्हणजे त्या मुर्गियाची बायको. तिच्या या पुस्तकामुळेच १७ मे हा दिवस तिथे गॅलिशियन साहित्याचा दिवस म्हणून साजरा होतो.

का गेले?

त्याच काळात घरं रिकामी होत होती.

कारण पहिलं, जमीन. जमिनी आधीच लहान, त्यात प्रत्येक पिढीत वाटण्या. वर 'फोरो' नावाची पद्धत. म्हणजे जमीन कसायची आपण, पण मठाला किंवा जमीनदाराला पिढ्यानपिढ्या खंड भरायचा, बरेचदा धान्यात. ही पद्धत १९२६ पर्यंत पुरती गेली नव्हती. १८५३ च्या सुमाराला पिकं बुडाली आणि मोठा दुष्काळ पडला.

कारण दुसरं, लष्कर. सक्तीची भरती होती. पैसे भरले की सुटका होत असे, म्हणून श्रीमंताचा मुलगा घरी आणि गरिबाचा मुलगा क्युबाच्या नाहीतर मोरोक्कोच्या लढाईवर. मग आईबापच चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला, भरतीचं वय व्हायच्या आत, जहाजावर चढवायचे.

कारण तिसरं, वाफेची जहाजं. विगो आणि आ कोरुन्या ही मोठी बंदरं. गावोगाव एजंट फिरायचे, तिकिटाला कर्ज द्यायचे, जमीन गहाण ठेवून घ्यायचे.

साधारण एका शतकात दहा लाखांहून कितीतरी जास्त माणसं या छोट्याशा प्रदेशातून बाहेर पडली. हवाना, बुएनोस आयरेस, मोंतेव्हिदेओ, ब्राझीलमधलं साल्व्हादोर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुएनोस आयरेसमध्ये जितके गॅलिशियन होते तितके गॅलिशियातल्या कुठल्याही शहरात नव्हते. म्हणून त्या शहराला गॅलिशियाचा पाचवा प्रांत म्हणतात.

ही काही यशोगाथा नाही हं. दुष्काळाच्या काळात उर्बानो फेइहो दे सोतोमायोर नावाच्या माणसाने सुमारे १७०० गॅलिशियन मजूर करार करून क्युबाला नेले. तिथे त्यांना गुलामांसारखं राबवलं, मारहाण, उपासमार. शेकडो मेले. स्पेनच्या संसदेपर्यंत प्रकरण गेलं. आणि हा फेइहो कोण? स्वतः गॅलिशियनच.

आणि मागे राहिलेल्यांचं काय? रोसालियाचं १८८० चं पुस्तक आहे, 'फोल्यास नोव्हास'. त्यातल्या एका विभागाच्या नावातच तिने दोन प्रकारच्या विधवा सांगितल्यात: मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या. जिवंतांच्या विधवा! नवरा आहे, पण समुद्रापलीकडे. शेत तिने कसायचं, गुरं तिने बघायची, कर्ज तिने फेडायचं आणि वाट बघायची.

मी हे माझ्या सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "माझी पणजी." त्याचे पणजोबा १९२० च्या दशकात बुएनोस आयरेसला गेले. काही वर्षं पत्रं आली, पैसे आले. मग थांबले. पणजी शेवटपर्यंत म्हणायची, "कामात असतील."

पलीकडून मारलेल्या हाका

तिकडे गेलेले काय करत होते? दुकानात गडी, बेकरीत कामगार, वेटर, ट्राम चालवणारे, इमारतीचे दरवान. बायका गेल्या त्या बहुतेक घरकामाला. अर्जेंटिनात 'गायेगो' म्हणजे कष्टाळू पण डोक्याने मंद, असे विनोद ठरून गेले. 'माफाल्दा' ही अर्जेंटिनाची जगप्रसिद्ध कार्टून मालिका. त्यात मानोलितो नावाचा मुलगा आहे, वाण्याचा पोरगा, डोक्यात कायम हिशोब. तो याच साच्यातून काढलाय.

पण याच गड्यांनी आणि वेटरांनी जे केलं ते वाचून मी थक्क झालो.

एकेका गावची, कधी कधी एकेका चर्चच्या वस्तीची माणसं हवानात किंवा बुएनोस आयरेसमध्ये एकत्र यायची, मंडळ काढायची, महिन्याची वर्गणी जमवायची. कशासाठी? गावात शाळा बांधायला. परक्या देशात उतरल्यावर आपल्याला लिहिता-वाचता येत नाही हे किती महागात पडतं ते त्यांना कळलं होतं. मागून येणाऱ्या पोरांचं तसं होऊ नये. अशा शाळा गॅलिशियात शेकड्यांनी उभ्या राहिल्या.

आता पुढचं ऐका. गॅलिशियाचं राष्ट्रगीत पहिल्यांदा कुठे वाजलं? सांतियागोत नाही, आ कोरुन्यात नाही. २० डिसेंबर १९०७ ला, हवानाच्या थिएटरमध्ये! शब्द पोंदालचे, चाल पास्कुआल व्हेइगाची. गॅलिशियन भाषेची अकादमी १९०६ साली आ कोरुन्यात स्थापन झाली, पहिला अध्यक्ष मुर्गिया. पण त्यासाठी पैसा आणि रेटा आला हवानातल्या गॅलिशियन लोकांच्या संस्थेकडून. हवानातल्या 'सेंत्रो गायेगो' या मंडळाची भव्य इमारत १९१५ साली उघडली. ती आज हवानाचं मोठं नाट्यगृह आहे.

म्हणजे मूळ सर्व्हर बंद पडायच्या बेतात होता आणि बॅकअप समुद्रापलीकडे चालू होता.

तिकडे पोहोचायच्या आधीच संपलेलेही होते. २ जानेवारी १९२१ च्या पहाटे 'सांता इसाबेल' हे जहाज गॅलिशियाच्याच किनाऱ्याजवळ, साल्व्होरा बेटापाशी खडकावर आपटून फुटलं. त्यात बहुतेक जण पुढे अमेरिकेची बोट पकडायला निघालेले होते. २१३ माणसं गेली. बेटावरचे बरेचसे पुरुष सणासाठी मुख्य भूमीवर गेलेले, म्हणून बेटावरच्या बायकांनी काळोखात, खवळलेल्या समुद्रात होड्या वल्हवत नेल्या आणि माणसं वाचवली. गावाला अच्छा करून काही तासही झाले नसतील, आणि पलीकडचा काठ आलाच नाही.

परत आलेला मृतदेह

आता एका माणसाबद्दल. आल्फोन्सो कास्तेलाओ. १८८६ साली रियांशो गावात जन्म. लहानपणीच वडिलांमागे अर्जेंटिनाला गेला, काही वर्षांनी परत आला. शिकला डॉक्टरकी, पण झाला चित्रकार, लेखक आणि राजकारणी.

२८ जून १९३६ ला गॅलिशियाच्या लोकांनी स्वायत्ततेच्या बाजूने कौल दिला. तीन आठवड्यांत स्पेनचं यादवी युद्ध पेटलं. गॅलिशिया लगेच फ्रँकोच्या सैन्याच्या ताब्यात गेलं. कास्तेलाओ त्या वेळी स्वायत्ततेच्याच कामासाठी माद्रिदला होता म्हणून वाचला. त्याचा सहकारी अलेशांद्रे बोवेदा गावाकडे होता. त्याला १७ ऑगस्टला गोळ्या घातल्या. आणि फ्रँको कुठला? गॅलिशियातल्याच फेरोल शहराचा. त्याच्या राज्यात गॅलिशियन भाषा शाळेतून, कचेरीतून पुन्हा हद्दपार झाली.

कास्तेलाओ शेवटी बुएनोस आयरेसला पोहोचला. गॅलिशियन अस्मितेचं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक मानतात ते त्याचं 'सेम्प्रे एन गालिसा' तिथेच, १९४४ साली छापलं गेलं. १९५० मध्ये तो तिथल्या गॅलिशियन मंडळाच्या दवाखान्यात वारला. जो दवाखाना त्या वेटरांनी आणि दरवानांनी वर्गणीतून उभा केला होता, तिथे. त्याचे अवशेष १९८४ च्या जूनमध्ये सांतियागोला आणले, चौतीस वर्षांनी.

फ्रँकोच्या काळात पुन्हा लोंढा निघाला, या वेळी रेल्वेने, स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्सकडे.

आज

१९८१ मध्ये गॅलिशियाला स्वायत्तता मिळाली. भाषा शाळेत आली, टीव्हीवर आली. पण शहरातली बरीच मुलं आज घरी स्पॅनिशच बोलतात. माझा सहकारी म्हणतो, "आजी माझ्याशी स्पॅनिश बोलायची, मी पुढे जावं म्हणून. आणि कोंबड्यांशी गॅलिशियन." ओळखीचं वाटलं ना?

तिकडे गेलेले मात्र अजून यादीत आहेत. गॅलिशियाच्या मतदारयादीत चार लाखांहून जास्त नावं परदेशात राहणाऱ्यांची आहेत. २००५ च्या निवडणुकीत बहुमत कुणाचं हे परदेशातली मतं मोजेपर्यंत, आठवडाभर, ठरत नव्हतं. त्या वेळचा अध्यक्ष मानुएल फ्रागा स्वतः क्युबाला गेलेल्या आईबापांचा मुलगा. आणि हा उजव्या विचारांचा फ्रागा १९९२ साली कुणाला गावी घेऊन गेला? फिडेल कॅस्ट्रोला! फिडेलचे वडील आन्हेल कास्त्रो लुगो प्रांतातल्या लांकारा गावचे. आधी शिपाई म्हणून क्युबाला गेले, मग पुन्हा नशीब काढायला.

आणखी एक नाव. हॉलिवूडचा मार्टिन शीन. खरं नाव रामोन एस्तेव्हेस, वडील गॅलिशियातून गेलेले. काम मिळावं म्हणून पडद्यावरचं नाव बदललं, पण कागदोपत्री त्याने ते कधीच बदललं नाही. थोरल्या मुलाने मात्र एस्तेव्हेस हेच नाव लावलं. त्यानेच सांतियागोच्या वारीवर 'द वे' हा सिनेमा काढला आणि त्यात बापाला मुख्य भूमिका दिली.

२०२२ मध्ये स्पेनने नवा कायदा केला. परागंदा व्हावं लागलेल्यांच्या नातवंडांना २०२५ पर्यंत नागरिकत्व मागता येत होतं. बुएनोस आयरेस आणि हवानाच्या वकिलातींसमोर रांगा लागल्या. आजोबांचा जन्मदाखला शोधत नातवंडं गॅलिशियातल्या चर्चना ईमेल करू लागली. पासपोर्टसाठी? हो, बऱ्याच अंशी. पण त्यासाठी का होईना, आजोबांच्या गावाचं नाव घ्यावं लागलं.

पणजोबांचं पुढे काय झालं

याच धांदलीत माझ्या सहकाऱ्याला एक मेसेज आला. अर्जेंटिनातून, त्याच्याच आडनावाच्या मुलीचा. कागदपत्रं शोधताना तिला हे घर सापडलं होतं. पणजोबांनी तिकडे दुसरा संसार केला होता. घरात ते कधीच गॅलिशियाबद्दल बोलले नाहीत. पण थडग्यावर नावाखाली काय कोरायचं हे त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. गावाचं नाव. गॅलिशियन स्पेलिंगमध्ये.

तो म्हणाला, "म्हणजे विसरले नव्हते ते. एकही दिवस विसरले नव्हते. मग पत्र का नाही लिहिलं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. पण त्या नदीच्या गोष्टीकडे मी आता वेगळं बघतो. सैनिकांना वाटत होतं, धोका विसरण्यात आहे. पणजोबांना सगळं आठवत होतं, आणि तरी पणजी जिवंत नवऱ्याची विधवा म्हणूनच गेली. सेनापतीला नावं आठवत होती म्हणून सैन्य नदीत उतरलं नाही. त्याने ती मोठ्याने घेतली म्हणून उतरलं. हवानातल्या त्या दुकानातल्या गड्याला गावाची आठवण येत असेल तेवढीच पणजोबांनाही येत असेल. पण गड्याने महिन्याची वर्गणी दिली, आणि गावात शाळा उभी राहिली.

आता माझं. मला बाहेरच्या देशात जायची ऑफर होती. दोन वर्षं म्हणतायत. दोन वर्षांचं पुढे काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मी हो म्हटलंय. आई काही बोलली नाही, फक्त विचारलं, "तिथे थंडी फार असते का रे?" माझे तिच्याशी होणारे फोन सध्या दीड मिनिटाचे असतात. जेवलास का, जेवलो, ठेवतो. ते बदलायचं ठरवलंय. ठरवणं सोपं असतं, हेही कळतं. म्हणून इथे, तुम्हा सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगतोय.

तुमच्याही ओळखीत कुणी पलीकडच्या काठावर असेल, किंवा तुम्हीच असाल. हा भाग संपल्यावर पुढचा लगेच लावू नका. एक फोन करा. विषय नसला तरी चालेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि विगोत पाऊस पडतो हे लक्षात ठेवा!